राणीची बाग: ४३३ कोटींचा आराखडा आणि झाडांची यादी

२००७ च्या सुमारास मुंबई महापालिकेने भायखळ्याच्या राणीच्या बागेचा कायापालट करायचे ठरवले. जागतिक निविदा निघाली, बँकॉकच्या एका सल्लागार कंपनीची निवड झाली आणि तिने मांडलेल्या आराखड्याचा खर्च होता ४३३ कोटी रुपये. बागेत जागतिक दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारायचे होते. दहा वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, याच बागेत पेंग्विन पाहायला रांगा लागल्या. पण तोवर मूळ आराखडा बराच छाटला गेला होता, खर्च सुमारे दीडशे कोटींवर आला होता आणि जुनी झाडे मोठ्या संख्येने आपापल्या जागी उभी होती.

या दहा वर्षांची गोष्ट बहुतेक वेळा पेंग्विनची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती झाडांची गोष्ट वाटते. ही बाग धोक्यात आली कारण ती मुळात काय आहे हे शहर विसरले होते. आणि ती वाचली कारण काही नागरिकांनी वही घेऊन बागेतले एकेक झाड ओळखले, मोजले आणि त्याचे नाव सरकारी फायलीत पोचवले.

बाग आधी, पिंजरे नंतर

या बागेची सुरुवात कुठल्याही प्राण्याने झालेली नाही. १८३० मध्ये मुंबईत पश्चिम हिंदुस्थानची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाली. नवी पिके, फळझाडे, औषधी आणि शोभेच्या वनस्पती या हवेत रुजवून पाहणे हे तिचे काम. तिची पहिली बाग शिवडीला होती. ती आता बाग राहिलेली नाही. १८६५ मध्ये तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली आणि शिवडीचे कब्रस्तान आजही तिथेच आहे. म्हणजे या संस्थेची एक बाग शहराच्या गरजेपोटी आधीच गेली होती. दुसऱ्या बागेचे प्रकरण वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरी बाग म्हणजे माझगावच्या माउंट इस्टेटवर १८६१ पासून आखलेली ही बाग. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. नाव व्हिक्टोरिया गार्डन्स; लोकांनी त्याचे लगेच ‘राणीची बाग’ केले. त्याच दिवशी बागेच्या दाराशी संग्रहालयाची, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची, पायाभरणी झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट ही या उद्योगामागची मोठी माणसे. भाऊ दाजी स्वतः वैद्यकातले. महारोगावर कडू कवठाच्या तेलाचा उपयोग करून पाहणारा हा डॉक्टर वनस्पतींकडे निव्वळ हौसेने पाहत नसणार हे उघड आहे.

तो काळ मुंबईत पैशांच्या पावसाचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथला कापूस सोन्याच्या भावाने जात होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला आणि वर्गणीवर चाललेली कामे अडली. संग्रहालयाची इमारत रखडत रखडत पुरी होऊन २ मे १८७२ रोजी खुली झाली. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली. सुमारे ३३ एकरांच्या या बागेला १८९० च्या सुमारास आणखी जमीन जोडली गेली आणि प्राण्यांचे पिंजरे आले. तोवर जवळजवळ तीस वर्षे ही निव्वळ वनस्पतींची बाग होती.

हा क्रम महत्त्वाचा आहे. प्राणी आल्यावर बागेची ओळख बदलली. ‘याला राणीच्या बागेत ठेवायला पाहिजे’ असे आपण एखाद्या वात्रट मुलाला म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पिंजरा असतो, उर्वशीचे झाड नसते. शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबईकरांच्या तीन-चार पिढ्यांच्या मनात ही बाग म्हणजे वाघ, हत्ती आणि माकडे असे पक्के झाले. झाडे मागचा पडदा झाली.

पडद्यावरची झाडे

त्या पडद्यात काय आहे ते सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे.

गोरखचिंच घ्या. आफ्रिकेतून आलेले हे झाड. फुगलेल्या बुंध्यात पाणी साठवून कोरडा काळ काढते. पानगळीनंतर त्याच्या फांद्या मुळांसारख्या दिसतात, म्हणून झाड उलटे लावल्याच्या दंतकथा जगभर आहेत. पावसाच्या तोंडावर त्याला लांब देठांवर लटकणारी मोठी पांढरी फुले येतात, ती संध्याकाळनंतर उमलतात आणि परागीभवनाला वटवाघळे येतात. बाग संध्याकाळी बंद होते, तेव्हा या झाडाचा दिवस सुरू होतो.

कैलासपतीचे उलटे. दक्षिण अमेरिकेतले हे झाड आपली फुले शेंड्यावर लपवत नाही. खोडातूनच दोरांसारखे घोस फुटतात आणि त्यावर गुलाबी, मांसल, सुगंधी फुले लागतात. फुलाच्या मध्यावर नागाच्या फणीसारखा पुंकेसरांचा छत्राकार भाग, त्याखाली पिंडीसारखा उंचवटा. हे पाहून आपल्या लोकांनी परक्या झाडाला थेट महादेवाशी जोडून टाकले. फळे तोफेच्या गोळ्याएवढी, फुटली की घाण वास येणारी. शाळेतल्या मुलांना हे झाड दाखवले तर ती वाघाइतकीच थबकतात.

कृष्णवडाचे पान देठापाशी दुमडून द्रोणासारखे झालेले असते. बाळकृष्णाने चोरलेले लोणी त्यात लपवले, ही कथा ऐकल्यावर ते पान कुणी विसरत नाही. उर्वशी मात्र खरी राणी. ब्रह्मदेशातले हे झाड. हिवाळा सरता सरता त्याला लाल-पिवळ्या फुलांची लांब झुंबरे लटकतात. त्याची कोवळी पाने सुरुवातीला मलूल, तांबूस, खाली लोंबणारी असतात. न जाणणाऱ्याला वाटते झाड सुकले. ती हळूहळू ताठ होतात आणि हिरवी पडतात. हे झाड लावणे, वाढवणे अवघड. मुंबईत ते पाहायचे तर नाव पहिले याच बागेचे येते. याशिवाय सीता अशोक, मुचकुंद, पर्जन्यवृक्ष आहेत, ताडामाडांचे किती प्रकार आहेत आणि कितीतरी झाडे अशी की त्यांना मराठीत नावच पडलेले नाही.

मुंबईच्या कॉलेजांतले वनस्पतीशास्त्राचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना इथे आणत आले. पुस्तकातले कुळ आणि जाती समोर उभ्या पाहायला एवढी सोपी जागा शहरात दुसरी नाही. लोकलच्या तिकिटात अमेरिका, आफ्रिका, ब्रह्मदेश आणि मादागास्कर एका दुपारी पाहून होत.

गिरणगावची बाग

झाडांइतकेच बागेचे दुसरे भांडवल म्हणजे तिची जागा. भायखळा, लालबाग, परळ, माझगाव, नागपाडा. एका बाजूला गिरण्या आणि चाळी, दुसऱ्या बाजूला गोदी. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसे, शिवाय गावाकडून आलेले पाहुणे. अशा वस्तीला श्वास घ्यायला ५० एकरांहून थोडी अधिक हिरवी जमीन मिळते ही लहान गोष्ट नाही. रविवारी डबा बांधून, सतरंजी घेऊन कुटुंबे येत. पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हणजे गेटवे, म्हातारीचा बूट आणि राणीची बाग. कितीतरी गिरणी कामगारांच्या मुलांनी आयुष्यातला पहिला हत्ती इथे पाहिला, त्यावर बसून फेरीही मारली. तिकीट इतके कमी की पाहायला आलेल्याला खिसा चाचपावा लागत नसे.

१९६९ मध्ये बागेचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले आणि आत जिजाऊ व बालशिवाजी यांचा पुतळा आहे. बेस्टच्या बसवर ‘जिजामाता उद्यान’ असते. लोकांच्या तोंडी दोन्ही नावे आहेत आणि दोन्हीत प्रेम आहे.

त्याआधी १९६५ मध्ये शहरातल्या चौकांतले ब्रिटिश राज्यकर्त्यांचे पुतळे हलवले गेले, त्यांतले बरेच इथे आले. काळा घोडा, ज्याच्यावरून फोर्टमधल्या त्या भागाला नाव पडले, तो इथेच आहे. अल्बर्ट ससूनने १८७९ मध्ये शहराला दिलेला तो पुतळा. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात मॅथ्यू नोबलने घडवलेली संगमरवरी व्हिक्टोरिया राणी आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी मुंबईत डांबर फासून चपलांची माळ घातली तो हाच पुतळा, तेव्हा शहराच्या दर्शनी रस्त्यावर असलेला. चापेकर बंधूंचे नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेल्याला तो पुतळा अचानक समोर दिसला की क्षणभर उभे राहावे लागते. संग्रहालयाच्या दाराजवळ घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्या बेटाला ज्याच्यावरून इंग्रजी नाव पडले तोच. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला. उचलताना तो पडून फुटला, तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती उभा केला गेला. १८६५ चा डेव्हिड ससून घड्याळाचा मनोराही इथेच, रस्त्याकडच्या बाजूला.

महापालिकेची अडचण खरी होती

आराखड्याला विरोध करणाऱ्यांची बाजू घ्यायची म्हणून दुसऱ्या बाजूला खलनायक करायचे कारण नाही. प्राण्यांची स्थिती वाईट होती. पिंजरे जुन्या काळच्या कल्पनेतले: गजांच्या मागे सिमेंटची लादी, पलीकडे भिंत. प्राणी म्हणजे दाखवायची वस्तू, अशा समजुतीतून बांधलेले. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, नियम आले आणि देशातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला मान्यता टिकवण्यासाठी सुधारणा करणे भाग पडले. २००९ मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले हत्ती वने व पुनर्वसन केंद्रांत पाठवावेत असा आदेशच काढला. तेव्हा जुने आहे ते तसेच ठेवा, हे उत्तर नव्हते. पिंजऱ्यातल्या बिबट्याला झाडाच्या वारशाशी देणेघेणे नसते. त्याला जागा हवी असते.

अडचण उत्तराच्या आकारात होती. आधुनिक प्राणिसंग्रहालयाला काय लागते ते पाहा. प्रत्येक प्राण्याला मोकळे आवार, भोवती खंदक किंवा काचेची भिंत, मागे रात्रीचे निवारे, देखभालीचा वेगळा रस्ता, पाणी, मलनिःसारण, वीज, पाहणाऱ्यांसाठी गॅलरी. शहराबाहेर दोनशे एकर मिळाले तर हे सगळे सुटसुटीत बसते. पन्नास एकरांत, जिथे दर दहा-वीस पावलांवर जुने झाड आहे, तिथे ते बसवायचे म्हणजे दर दहा-वीस पावलांवर निर्णय घ्यायचा.

आणि झाड मारायला कुऱ्हाड लागत नाही, हे आराखडे करणाऱ्यांना सांगणारे कुणी तिथे असायला हवे होते. मोठ्या झाडाची अन्न-पाणी घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. पायवाटेला पातळी आणायला बुंध्याभोवती फूट-दीड फूट भराव टाकला की त्या मुळांना हवा मिळेनाशी होते. खंदक खणला की एका बाजूची मुळे तुटतात. फरसबंदी केली की पाणी मुरत नाही. तृणभक्षी प्राणी आवारात सोडले की साल सोलली जाते. झाड त्या वर्षी मरत नाही. तीन-चार पावसाळ्यांनी शेंडा वाळतो, मग एखाद्या वादळात ते पडते आणि नोंद होते ‘वाऱ्यामुळे पडले’. पुनर्रोपणाची तरतूद कागदावर नेहमीच असते, पण दीडशे वर्षांच्या झाडाला मुळांचा गड्डा बांधून उचलून नेणे म्हणजे त्याची तीन चतुर्थांशाहून अधिक मुळे मागे ठेवणे.

वही आणि फाईल

विरोध करणाऱ्या नागरिकांत बागेत रोज फिरायला येणारे होते, वनस्पतींचे अभ्यासक होते, शिक्षक होते. त्यांनी राणीची बाग वाचवण्यासाठी समिती केली. मोर्चे आणि पत्रके होतीच, पण त्यांचे खरे शस्त्र वेगळे होते. ते झाडे मोजायला लागले.

त्यांच्या मोजणीत बागेत ३,२१३ झाडे भरली, २८६ जातींची. झुडपे, वेली आणि बाकीच्या वनस्पती धरून एकूण जाती ८५३. हा आकडा पुढे आला आणि वादाचा सूरच बदलला. तोवर ‘आम्ही झाडांना हात लावणार नाही’ हे वाक्य कुणीही कुठेही म्हणू शकत होते, कारण कुठली झाडे, किती आणि कुठे, हेच कुणाला माहीत नव्हते. यादी झाल्यावर प्रश्न विचारता येऊ लागला: या गॅलरीच्या जागी उभे असलेले झाड नेमके कुठे जाणार?

मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा धडा इथे दिसतो. हा धडा आंदोलनाचा कमी आणि नोंदींचा जास्त आहे. वनस्पती उद्यानात प्रत्येक झाडाला क्रमांक असतो, नाव असते, कधी लावले आणि कुठून आणले याची नोंदवही असते. ज्या दिवशी बाग ‘प्राणिसंग्रहालय’ झाली त्या दिवसापासून तिथल्या नोंदी प्राण्यांच्या झाल्या. वाघ मेला तर कागद होतो. उर्वशी मेली तर होत नाही. नागरिकांनी बागेचा गेलेला दाखला नव्याने काढला.

कागदांचे दुसरे बळ वारशाच्या नियमांत होते. १९९५ मध्ये मुंबईत वारसा संवर्धनाची नियमावली लागू झाली, देशातली पहिली. राणीची बाग तिच्यात ‘दोन-ब’ श्रेणीत आहे. म्हणजे वारसा समितीच्या मताशिवाय मोठा फेरबदल करता येत नाही. शिवाय १९७५ चा राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि त्याखालचे वृक्ष प्राधिकरण होते. माहिती अधिकारात आराखड्याचे कागद मिळवले गेले, समितीपुढे हरकती मांडल्या गेल्या, फेऱ्या काढून लोकांना झाडे दाखवली गेली. वारसा समितीने मूळ रूपातला आराखडा स्वीकारला नाही. सल्लागाराला पुन्हा पाटी कोरी करावी लागली आणि पुढच्या काही वर्षांत तो सुमारे दीडशे कोटींच्या, टप्प्याटप्प्याने करायच्या कामावर आला.

याच आवारात, याच वर्षांत, याच महापालिकेच्या मालकीच्या संग्रहालयात काय चालले होते हेही पाहावे. १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या त्या इमारतीचे २००३ पासून जीर्णोद्धाराचे काम चालले होते. छताची नक्षी, लोखंडी खांब, सोनेरी रंग, जुनी कपाटे, एकेक गोष्ट जशी होती तशी परत आणली गेली. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा उत्कृष्टतेचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. अभिमानाने सांगावे असे काम. पण त्या इमारतीच्या खांबाची नक्षी जपताना जी काळजी घेतली गेली, तिच्या बरोबरीने जन्मलेल्या बागेच्या वाट्याला तीच काळजी आली नाही. इमारतीचा वारसा आपल्याला दिसतो कारण ती हलत नाही, बदलत नाही. झाडाचा दिसत नाही कारण ते दरवर्षी नवे पान घेते. बाग हीदेखील १८६२ ची रचना आहे, तिच्या वाटा, वळणे, झाडांच्या रांगा हे सगळे कुणीतरी विचार करून आखलेले आहे, हे समजावून सांगायला दहा वर्षे लागली.

पेंग्विन आले

२६ जुलै २०१६ रोजी दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी. त्यांना १६ ते १८ अंश तापमान लागते, म्हणून भायखळ्याच्या उकाड्यात बंद, गार इमारत बांधली गेली. ऑक्टोबरमध्ये एक पेंग्विन मेला आणि वर्तमानपत्रे, सभागृह, चहाच्या टपऱ्या सगळीकडे तोच विषय झाला. मार्च २०१७ मध्ये दालन खुले झाले आणि गर्दी लोटली.

१ ऑगस्ट २०१७ पासून तिकीट वाढले. प्रौढांना पाच रुपये होते ते पन्नास झाले. आई, वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर. उत्पन्न कित्येक पटींनी वाढले आणि देखभालीला पैसा लागतो हेही खरे. पण बागेच्या मूळ हेतूचा विचार करता मला ही वाढ या प्रकरणातली सर्वांत दुखरी गोष्ट वाटते. पेंग्विन पाहणाऱ्याकडून पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. पण ज्याला फक्त झाडाखाली बसायचे आहे, म्हाताऱ्या आईला दुपारी सावलीत न्यायचे आहे, त्यालाही तेच तिकीट. आजही भायखळ्याच्या आसपासच्या वस्त्यांत घर चालवणारी बाई पन्नास रुपयांचा हिशोब करते. बाग आणि प्राणिसंग्रहालय यांचे दर वेगळे करणे अवघड असेल, अशक्य नाही. संग्रहालयाचे तिकीट वेगळे आहेच की.

दुसऱ्या टप्प्यात जुने पिंजरे जाऊन प्राण्यांची नवी आवारे झाली. २०२० च्या जानेवारीत आत चालत जाता येईल असा पक्ष्यांचा मोठा पिंजरा खुला झाला आणि फेब्रुवारीत औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली. नव्या आवारात त्यांना झाडी मिळाली, पाणी मिळाले, आडोसा मिळाला. जुन्या पिंजऱ्यांतले वाघ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. प्राण्यांचे भले झाले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

म्हणून हा निकाल कुणा एका बाजूचा नाही. पण एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. २०१७ नंतरच्या नव्या आवारांतले जे सर्वांत सुंदर आहे, ते म्हणजे वाघाच्या मागची हिरवाई आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्यातली सावली, त्यातला मोठा वाटा जुन्या झाडांचा आहे. मूळ आराखडा जसाच्या तसा झाला असता तर आज दीडशे वर्षांच्या झाडांऐवजी कृत्रिम खडक आणि नर्सरीतून आणलेली रोपे दिसली असती. विरोधकांनी प्राणिसंग्रहालयाचेच भले केले. हे त्यांना त्या काळात कुणी म्हटले नाही.

पुढे काय

शेजारच्या मफतलाल मिलच्या जमिनीचा काही भाग महापालिकेला मिळाला आहे आणि विस्ताराच्या योजना तिथे जात आहेत. हे योग्य आहे. नवे बांधकाम, नवी आवारे, गर्दीच्या सोयी गिरणीच्या मोकळ्या जमिनीवर व्हाव्यात आणि १८६२ च्या बागेत वीटही न चढावी, एवढी साधी सीमारेषा आखली तरी पुढचे बरेच वाद टळतील. त्यासाठी लागते ती गोष्ट मोठी नाही: झाडांची यादी महापालिकेने स्वतःची म्हणून स्वीकारायची, दर काही वर्षांनी नव्याने करायची, पडलेल्या प्रत्येक झाडाचे कारण लिहायचे आणि त्याच जातीचे रोप त्याच जागी लावायचे. उर्वशीसारखे झाड पडले आणि तिथे गुलमोहर लावला तर संख्या तीच राहते आणि बाग एका जातीने गरीब होते. झाडांवर मराठी, इंग्रजी आणि शास्त्रीय अशी तिन्ही नावे असलेल्या पाट्या हव्यात, खिळे न ठोकता लावलेल्या. उद्यान खात्यात वनस्पतीशास्त्र शिकलेला माणूस या एका बागेसाठी नेमला तर तो खर्च पेंग्विनच्या वातानुकूलनापुढे काहीच नाही.

जाणार असाल तर बुधवार सोडून जा, त्या दिवशी बाग बंद असते. उर्वशी पाहायची तर जानेवारी ते एप्रिल आणि सकाळी लवकर. पेंग्विनची रांग लागायच्या आत झाडांकडे वळा. गोरखचिंचेच्या बुंध्याला मुलांना हात पसरून मिठी मारायला लावा, किती मुले लागतात ते मोजू द्या. कृष्णवडाचे खाली पडलेले पान उचलून त्यात पाणी ओतून पाहा, झाडावरचे तोडू नका. आणि ज्या झाडावर पाटी नसेल त्याचा फोटो काढून नाव शोधा, मग ते पुढच्या भेटीत सोबतच्या कुणाला तरी सांगा.